हज्जाज की इब्न तुलून? इस्लामी जगातला सुभेदार समजून घ्यायला आधी कोण वाचावा

मध्ययुगीन इस्लामी जगातला प्रांताधिकारी, म्हणजे वली किंवा अमीर, समजून घ्यायचा तर एकाच माणसाची कारकीर्द धरून वाचावं. खलिफांच्या वंशावळी पाठ करून जे हाती लागत नाही, ते एका सुभेदाराच्या वीस वर्षांत दिसतं. प्रबंधासाठी, व्याख्यानासाठी किंवा नुसत्या आवडीपोटी असं एक नाव निवडायचं असेल, तर माझ्या मते खरी निवड दोघांत आहे: इराकचा हज्जाज इब्न युसुफ आणि इजिप्तचा अहमद इब्न तुलून. एक उमय्यद या खलिफा घराण्याच्या काळातला, दुसरा त्यांना बुडवून आलेल्या अब्बासी घराण्याच्या काळातला. दोघांच्या नेमणुकांत पावणेदोनशे वर्षांचं अंतर आहे.

आपल्याकडचा वाचक बहुधा हज्जाजकडे ओढला जातो आणि त्याला कारणही आहे. 711-12 मध्ये देबल बंदर जिंकून राजा दाहिरचा पराभव करणाऱ्या मुहम्मद इब्न कासिमला सिंधवर पाठवलं ते हज्जाजनेच. शाळेच्या पुस्तकात कासिमचं नाव येतं, त्याला धाडणाऱ्याचं क्वचितच येतं. तरीही मी पहिल्या वाचनासाठी इब्न तुलूनच सुचवेन.

हज्जाज ताइफचा, सकीफ जमातीतला. सुरुवातीला तो मुलांना शिकवायचा असं सांगतात. खलिफा अब्द अल-मलिकच्या शुर्त्यात, म्हणजे शिपाईदलात शिरला आणि बेशिस्त सैन्याला वळण लावून खलिफाच्या नजरेत भरला. 692 मध्ये त्याने मक्केला वेढा घालून प्रतिस्पर्धी खलिफा इब्न अल-जुबैरचा शेवट केला. आधी हिजाझ, मग 694 मध्ये इराक. कुफ्याच्या मशिदीत तो तोंड झाकून आला, मिंबरावर, म्हणजे प्रवचनाच्या व्यासपीठावर चढला आणि पिकलेली डोकी कापणीला आल्याचं त्याने लोकांना सुनावलं, ही कथा अरबी परंपरेत शतकानुशतकं सांगितली गेली. पुढे खुरासान आणि सिस्तानही त्याच्याकडे आले; म्हणजे खिलाफतीचा सगळा पूर्व भाग एका माणसाच्या हाताखाली.

एवढं बळ असूनही त्यातलं त्याच्या मालकीचं काहीच नव्हतं. काबूलच्या बाजूला धाडलेल्या सेनापती इब्न अल-अशअसला त्याने इतकी अपमानकारक पत्रं लिहिली की ते सैन्यच उलटून इराकवर चालून आलं. त्या संकटात खलिफाने बंडखोरांपुढे काय ठेवलं? हज्जाजला काढतो, तुमचा तनखा सीरियन सैनिकांच्या बरोबरीने देतो. बंडखोरांनी हे नाकारलं म्हणून हज्जाज राहिला आणि दैर अल-जमाजिमची लढाई जिंकला. त्या काळच्या सगळ्यात बलाढ्य सुभेदाराची खुर्ची शत्रूच्या हट्टामुळे वाचली! हज्जाज वाचायचा असेल तर हा प्रसंग मधोमध ठेवून वाचा. त्यानंतर त्याने कुफा आणि बसरा यांच्या मध्ये वासित हे नवं शहर वसवलं आणि सीरियन फौज तिथे ठेवली, कारण ज्या प्रांतावर राज्य करायचं तिथल्या माणसांवर त्याचा भरवसा उरला नव्हता.

इब्न तुलूनची गोष्ट वेगळ्या टोकाकडून सुरू होते. बाप तुर्क गुलाम, बुखाऱ्याहून खलिफाकडे भेट म्हणून आलेला. मुलगा 835 मध्ये जन्मला, समारात, म्हणजे तेव्हाच्या अब्बासी राजधानीत वाढला, सरहद्दीवरच्या तार्सूसला शिकला. 868 मध्ये तो फुस्तातला, इजिप्तच्या तेव्हाच्या मुख्य शहरात आला, तेव्हा तो सुभेदारही नव्हता. इजिप्तची सनद त्याच्या सावत्र बापाच्या, बाकबाकच्या नावाची होती. असे बडे तुर्क सरदार राजधानी सोडत नसत आणि प्रांतात माणूस पाठवत. आपल्या भाषेत इब्न तुलून मुतालिक, म्हणजे दुसऱ्याच्या वतीने काम पाहणारा होता.

शिवाय खजिना त्याच्या हातात नव्हता. सारावसुली, म्हणजे खराज, इब्न अल-मुदब्बिरकडे होती आणि तो थेट राजधानीला जबाबदार होता. पेशवाईत मामलेदारावर नजर ठेवायला दरखदार असत आणि त्यांना मामलेदार काढू शकत नसे. तसाच हा बंदोबस्त. फौज एकाकडे, पैसा दुसऱ्याकडे, म्हणजे बंड करायला कोणी एकटा पुरा पडू नये. इब्न तुलूनने ही गाठ कशी सोडवली हे वाचताना मला दर वेळी नवं काही सापडतं. पॅलेस्टाइनमधल्या एका बंडाच्या निमित्ताने त्याला फौज उभारायची परवानगी मिळाली. बंड दुसऱ्यानेच मोडलं, फौज मात्र त्याच्याकडे राहिली. तिच्यासाठी त्याने फुस्तातशेजारी अल-कताई ही नवी वसाहत बांधली. बाकबाक मारला गेल्यावर सनद यार्जुखकडे, म्हणजे सासऱ्याकडेच गेली. 871 पर्यंत इब्न अल-मुदब्बिर सीरियाला रवाना झाला होता आणि साराही इब्न तुलूनच्या ताब्यात आला.

नंतर प्रश्न पैशाचा. खलिफाचा भाऊ अल-मुवफ्फक दक्षिण इराकमधल्या झंज गुलामांच्या बंडाशी झुंजत होता आणि त्याला इजिप्तचा पैसा हवा होता. इब्न तुलूनने 12 लाख दिनार पाठवले. मुवफ्फकला ते अपुरे वाटले. इब्न तुलूनला हटवायला निघालेलं सैन्य रक्क्याला दहा महिने अडकलं आणि पगार थकल्यावर मोडलं. पुढच्याच वर्षी, 878 मध्ये, सीरिया इब्न तुलूनचा झाला. तरी खुतब्यात, म्हणजे शुक्रवारच्या प्रवचनात, खलिफाचं नाव कायम राहिलं. नाण्यांवरही त्याने स्वतःचं नाव खलिफाच्या नावासोबतच घातलं.

11व्या शतकातला न्यायशास्त्री अल-मावर्दी सुभेदारीचे दोन प्रकार सांगतो: खलिफाने आपखुशीने दिलेली आणि बळाने मिळवून नंतर मान्य करून घेतलेली. हज्जाज पहिल्या प्रकारचा ठळक नमुना आहे. इब्न तुलून पहिल्यातून दुसऱ्याकडे सरकताना दिसतो, म्हणून एकाच चरित्रात तुम्हाला दोन्ही मिळतात. माझ्या शिफारशीचं मुख्य कारण हेच.

दुसरं कारण साधनांचं. हज्जाजविषयीचं बहुतेक लेखन अब्बासी काळात, त्याच्या धन्यांचं राज्य बुडाल्यावर झालं. क्रौर्याच्या कथांतून कारभार वेगळा काढायला सरावाची नजर लागते. सिंधसाठी लोक ज्या चचनाम्याकडे, म्हणजे सिंधच्या अरब विजयाच्या बखरीकडे धावतात, तिचा आज मिळणारा फारसी मजकूर 13व्या शतकातला आहे. इब्न तुलूनचं चरित्र त्याच्यानंतरच्या शतकातच लिहिलं गेलं, त्याची नाणी आहेत, आणि 879 मध्ये पुरी झालेली त्याची विटांची मशीद कैरोत आजही उभी आहे. अब्बासींनी 905 मध्ये अल-कताई उद्ध्वस्त केलं, तेव्हा एवढी मशीद राखली.

मात्र तुमचा विषय भाषा आणि कारभार असेल, तर सरळ हज्जाज घ्या. इराकचं दफ्तर फारसीतून अरबीत गेलं ते त्याच्याच काळात, सालिह इब्न अब्द अल-रहमान या कारकुनाच्या हातून. नवमुस्लिम शेतकरी शहरात आले आणि सारा घटला, तेव्हा त्याने त्यांना सक्तीने गावी परत धाडलं. जमीन, धर्म आणि कर यांचा असा पेच इब्न तुलूनच्या चरित्रात सापडणार नाही. सिंधसाठी वाचत असाल तरीही हज्जाजच, पण मग 714 मधल्या त्याच्या मृत्यूपाशी थांबू नका. वर्षभरात नवा खलिफा आला, आणि मुहम्मद इब्न कासिमला सिंधहून पकडून आणून वासितच्याच तुरुंगात टाकलं गेलं. टाकणारा तोच सालिह. त्याच्या भावाला हज्जाजने मारलं होतं.

इब्न तुलूनपासून सुरुवात केलीत तरी वासित वाटेत लागेलच. 866 मध्ये पदच्युत खलिफा अल-मुस्तईनला तिथे ठेवलं होतं आणि पहाऱ्यावर तरुण इब्न तुलून होता. या कैद्याला मार, वासितची सुभेदारी घे, असं त्याला सांगण्यात आल्याची परंपरा आहे. त्याने नकार दिला. खलिफाला दुसऱ्याने मारलं, आणि दोन वर्षांनी इब्न तुलून इजिप्तच्या वाटेला लागला.