प्लिकर्स: प्रथम वर्षाच्या वर्गातला अनुभव

जूनपासून प्रथम वर्ष बीएस्सीला भौतिकशास्त्र शिकवताना प्लिकर्स हे वर्गात प्रश्न विचारून सगळ्यांची उत्तरं एकदम टिपणारं ॲप वापरते आहे. पुढच्या बाकांवर शहरातल्या कॉलेज रोड-गंगापूर रोडची मुलं आणि मागे सुरगाणा, पेठ, कळवण या तालुक्यांतून येऊन वसतिगृहात राहणारी, असा वर्ग नाशिकमध्ये ज्यांना ओळखीचा आहे, त्यांच्यासाठी लिहिते.

आधी मोबाईलवरचं क्विझ ॲप वापरलं. तिथे वेगाला गुण. नेटपॅक संपलेली मुलं मागे पडायची आणि पडद्यावर रोज तीच ती नावं झळकायची. वर्गातली दरी उलट वाढली.

प्लिकर्समध्ये मोबाईल फक्त शिक्षकाकडे लागतो. मुलांच्या हातात काळ्या-पांढऱ्या आकृतीचं कागदी कार्ड, चार बाजूंना ए, बी, सी, डी. आपलं उत्तर वरच्या बाजूला येईल असं कार्ड धरायचं. मी कॅमेरा वर्गावरून फिरवला की उत्तरं नोंदली जातात. प्रत्येकाची आकृती निराळी, अक्षरं बारीक, म्हणून शेजाऱ्याचं बघून सहसा धरता येत नाही. पडद्यावर मी फक्त आलेख दाखवते, नावं नाही. बुजऱ्या मुलांना याचा फार आधार वाटतो.

पद्धत घेतली ती हार्वर्डमधले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांची, १९९१ पासूनची: आधी एकट्याने उत्तर, मग शेजाऱ्याशी चर्चा, मग पुन्हा कार्ड वर. सरळ वर फेकलेला चेंडू सर्वांत उंच बिंदूवर असताना त्याचं त्वरण किती, असं एकदा विचारलं. बहुतेकांचं उत्तर शून्य. मी काहीच न सांगता चर्चा करा म्हटलं. हजेरीलाही जेमतेम ऐकू येईल असं बोलणारी सुरगाण्याची मुलगी शेजारणीला म्हणाली, "चेंडू थांबला म्हणून पृथ्वी ओढायची थांबली का?" दुसऱ्या फेरीत त्या रांगेतली बहुतेक कार्डं फिरलेली होती. पुढच्या तासाला शेजारणीने तिच्यासाठी जागा धरून ठेवली होती.

जोड्या मी दर महिन्याला कार्डाच्या क्रमांकावरून बदलते. हे केलं नाही तर ॲपचा उपयोग निम्माच. आता प्रॅक्टिकलला मुलं आपणहून मिसळतात. दिंडोरीहून येणाऱ्या कुणाची एसटी चुकली, तर वहीचे फोटो त्याला दुपारपर्यंत मिळालेले असतात.

मर्यादा एकच मोठी: पर्यायांपलीकडे स्वतःच्या शब्दांत उत्तर देता येत नाही. त्यासाठी मी चिठ्ठ्या घेते.

कार्डांची पीडीएफ मोफत मिळते, ४० आणि ६३ चे संच आहेत. मोठ्या वर्गाला ६३ चा घ्या. जाड कागदावर छापा. चकचकीत लॅमिनेशन टाळा, ट्यूबलाइटच्या उजेडात कॅमेऱ्याला आकृती दिसत नाही. आणि बोटं आकृतीवर येऊ देऊ नका, हे पहिल्याच तासाला बजावा.