मातीचा फ्रिज नाशिकमध्ये आठ महिने वापरल्यावर

मार्च ते ऑक्टोबर रोजच्या वापरात असलेल्या वस्तूबद्दल हे लिहितो आहे. भाजलेल्या मातीचं कपाट, वर 10 लिटरची टाकी, खाली दोन कप्पे, पुढे अ‍ॅक्रिलिकचं दार. टाकीतलं पाणी दुहेरी भिंतीत उतरतं, बाहेरच्या अंगाने उडून जातं आणि जाताना आतली उष्णता घेऊन जातं. घाम आल्यावर अंग गार पडतं, तोच प्रकार. एक लिटर पाणी उडायला सुमारे 2,400 किलोज्यूल उष्णता लागते, म्हणून विजेविना काम भागतं. जाहिरातीत याला 'निसर्गाकडून शिकलेली रचना' म्हणतात. माठ वापरणाऱ्यांना ही शिकवणी जुनीच आहे. नवं आहे ते माठाला कप्पे आणि दार बसवणं.

एप्रिलच्या दुपारी बाहेर 38 अंश आणि हवा कोरडी असताना आत 26-27 अंश मिळतात. पाणी रोज अडीच लिटर जातं. जुलैत बाहेर 27 तर आत 26, म्हणजे नुसतं कपाट. तापमापकाच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून पंख्याखाली धरा. जो आकडा येईल त्याच्याखाली ही वस्तू जाणार नाही. एप्रिलच्या त्या दुपारी तो 21 च्या आसपास येतो, पावसाळ्यात हवेच्या तापमानालाच चिकटतो. 'बारमाही' म्हणून विकणाऱ्याने एकदा आषाढातलं नाशिक बघावं.

उन्हाळ्यात टोमॅटो, वांगी, काकडी चार-पाच दिवस छान राहतात. टोमॅटोची चव तर विजेच्या फ्रिजपेक्षा चांगली, कारण 10-12 अंशांखाली तो बिघडतो. मेथी-कोथिंबीर दोन दिवस. द्राक्षं फार तर तीन दिवस. त्यांना शून्याजवळची थंडी लागते. कांदा-लसूण आत ठेवू नका, ओलाव्याने कोंब येतात. त्यांना कांदाचाळीसारखी कोरडी, खेळती हवा हवी. दूध, शिजवलेलं अन्न आणि औषधं यांच्यासाठी ही वस्तू नाहीच. 26 अंशांवर जिवाणू मजेत वाढतात.

आता खरी गोम. सगळं काम मातीच्या छिद्रांवर चालतं आणि ती बुजवण्याचे मार्ग अनेक आहेत. पहिला खुद्द बनवणाऱ्याचाच: दर्शनी बाजूला चमक यावी म्हणून पॉलिश मारलेलं. त्या बाजूला हात लावला की कोरडी, बाकीच्या दोन बाजू ओल्या आणि गार. त्वचेची नक्कल करायची आणि मग तिच्यावर रंग फासायचा, याला काय म्हणावं! बारीक पॉलिश पेपरने हळूहळू घासून थर काढला तेव्हा ती बाजूही पाझरू लागली.

दुसरा मार्ग पाण्याचा. बोअरचं पाणी महिनाभर घातल्यावर बाहेर पांढरा खार चढला आणि आत-बाहेरचा फरक चार-पाच अंशांवर आला. पाणी उडतं, क्षार मागे राहतात. नळाचं पाणी घातलं की हा त्रास बराच कमी. चढलेला खार काढायला एक भाग व्हिनेगर, चार भाग पाणी, काथ्याने घासायचं आणि दोनदा साध्या पाण्याने धुवायचं. साबण कधीच नाही. छिद्रांत मुरतो आणि वास जात नाही.

जागा सावलीची पण वाऱ्याची हवी. भिंतीपासून किमान वीतभर पुढे. बंद स्वयंपाकघरात ठेवलं तर सभोवतालची हवाच दमट होते आणि गारवा थांबतो. नवं आणल्यावर टाकी भरून चोवीस तास ठेवा, ते पाणी फेका, असं दोन-तीनदा. मातीचा गढूळपणा निघून जातो.

बिघाड दोनच झाले. तोटीच्या भोकाजवळ केसाएवढी चीर, कारण नट पान्याने आवळला होता. भाजलेली माती दाब सोसते, ताण नाही. दोन्ही बाजूंना रबरी वॉशर आणि नट हातानेच. दुसरा बिघाड दाराचा: अ‍ॅक्रिलिक बिजागरीला थेट चिकटवलेलं, ते निघालं आणि दुरुस्त करायला काही वाव नाही. स्क्रूने बसवलेलं लाकडी दार असतं तर कुठल्याही सुताराने दहा मिनिटांत केलं असतं. मातीचं अंग टिकाऊ, पण दार फेकण्याच्या लायकीचं, ही रचना अर्धवटच.

टाकीचं झाकण सैल असेल तर सुती फडकं बांधा आणि आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करा, नाहीतर डासांच्या अळ्या होतात. पावसाळ्यात पाणी काढून, दार उघडं ठेवून वाळवा. ओलं बंद ठेवलं की दोन-तीन दिवसांत बुरशी.

घेताना विक्रेत्यासमोर बाहेरच्या प्रत्येक बाजूवर पाण्याचा थेंब टाका. काही सेकंदांत शोषला गेला तर छिद्रं मोकळी, ओघळला तर पॉलिश. बोटाने टिचकी मारल्यावर आवाज खणखणीत यायला हवा. बद्द आला तर आत चीर आहे.

निफाड-दिंडोरीकडे शेतावर जास्त माल ठेवायचा असेल, तर यात पैसे घालू नका. भारतीय कृषी संशोधन संस्थेचा शून्य ऊर्जा शीतकक्ष बांधा: विटांच्या दोन भिंती, मध्ये 7.5 सेंटिमीटर फट, तीत वाळू, वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी, वर सावली. तत्त्व हेच, आणि वीट निखळली तर गावातच बदलते.