आजोबांचे चाकू आणि माझे ३२,८०० रुपये

आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत घडीचे दोन जुने चाकू होते. एक शेफील्डच्या जोसेफ रॉजर्सचा, पात्याच्या बुडाशी चांदणी आणि माल्टीज क्रॉसची खूण असलेला, आणि दुसरा महायुद्धात पलटणीत मिळालेला, पाठीला दाभणासारखी सळई आणि अंगावर सरकारी बाणाची खूण असलेला. आईच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी पैसे कमी पडत होते, म्हणूनच मी ते विकायला काढले. हौस म्हणून नव्हे.

मुंबईचा संग्राहक म्हणवणाऱ्या माणसाने दोन्हींचे १,८५,००० रुपये सांगितले. मूल्यांकनाचे २,५०० रुपये मी दिले, तपासणीसाठी चाकूही कुरियरने पाठवले आणि प्रमाणपत्राचे ११,८०० रुपये भरले. मग त्याने कळवले की रॉजर्सची मूठ हस्तिदंताची निघाली आहे, तेव्हा वनखात्याच्या परवान्यासाठी १८,५०० रुपये अनामत भरा, नाहीतर गुन्हा तुमच्यावर दाखल होईल.

इथेच मी थांबायला हवे होते. त्याने पाठवलेल्या फोटोत मुठीवरचे बारीक काळे ठिपके स्वच्छ दिसत होते. असे ठिपके हाडावर असतात. हस्तिदंतावर एकमेकींना छेदणाऱ्या नाजूक रेषा असतात. उन्हाळ्यात त्याच चाकूने कैरी चिरताना आजोबांनी 'हाडाची मूठ आहे, पाण्यात बुडवू नकोस' असे मला कितीदा बजावले होते! तरीही मी पैसे भरले, कारण अटकेच्या भीतीने माझी मतीच गुंग झाली होती. हस्तिदंताची खरेदी-विक्री आपल्याकडे मुळातच बेकायदा आहे. अनामत भरून ती कायदेशीर करणारा परवाना मिळत नाही, एवढे तरी लक्षात ठेवा.

सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर फोन केला तोपर्यंत दोन दिवस उलटले होते आणि त्या माणसाचे खाते रिकामे झाले होते. तुम्ही पहिल्या तासातच फोन करा. पोलीस ठाण्यात 'हा दिवाणी मामला आहे' असे ऐकवले, सायबर शाखेने पुन्हा ठाण्यात पाठवले, ठाण्याने 'आरोपी मुंबईचा, तिकडे जा' म्हणून हात झटकले, आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्दीबाहेरचा गुन्हाही नोंदवावा लागतो हे मी दाखवल्यावर साहेब जेवायला गेले. चार खेपांनंतर हाती पडली ती नुसती अर्जाची पोच. बँकेनेही 'पिन तुम्हीच टाकलात' एवढेच उत्तर दिले. पावतीवरचा जीएसटी क्रमांक आधी तपासा. माझ्या पावतीवर पत्ता मुंबईचा आणि क्रमांकाची सुरुवात ०७ ने, म्हणजे दिल्लीची होती, महाराष्ट्राचा क्रमांक २७ ने सुरू होतो. पैसे हातात पडल्याशिवाय वस्तू घराबाहेर जाऊ देऊ नका.

रॉजर्सच्या मुठीचा रिव्हेटजवळ टवका उडालेला आहे आणि लष्करी चाकूच्या कडीला आजोबांनी बांधलेली तांब्याची तार आहे. असा चाकू कोणी विकायला आणला तर तो घेऊ नका, फोटो काढून ठेवा आणि मला कळवा.