ग्लोबमध्ये उभं राहायचं की स्ट्रॅटफर्डला बसायचं?

लेक किंवा मुलगा इंग्लंडला असला की कोल्हापूरचे आई-बाबा मे ते सप्टेंबरमध्ये कधीतरी तिकडे चक्कर टाकतात. बघायच्या यादीत शेक्सपिअरचं एखादं नाटक हमखास असतं. त्यासाठी दोन ठिकाणं सुचवली जातात, लंडनचं ग्लोब आणि शेक्सपिअरच्या जन्मगावचं, म्हणजे स्ट्रॅटफर्डचं रॉयल शेक्सपिअर थिएटर. दोन्ही करणं बहुतेकांना जमत नाही.

निकाल आधीच सांगून टाकतो. वय साठीच्या पुढे असेल, इंग्रजी वाचता येत असेल पण कानाला तितकी सवय नसेल, तर स्ट्रॅटफर्डचा दुपारचा प्रयोग घ्यावा. लंडनबाहेर जायला दिवस मोकळा नाही पण पाय धड आहेत, तर ग्लोबचं उभ्याचं तिकीट. ग्लोबमधलं कडेचं, मधल्या दराचं बाकडं मात्र शक्यतो कुणी घेऊ नये.

ते का, ते बघू. ग्लोब म्हणजे १५९९ च्या लाकडी नाट्यगृहाची प्रतिकृती. ती १९९७ मध्ये खुली झाली. मूळ इमारत १६१३ मध्ये प्रयोगात उडवलेल्या तोफेमुळे गवती छपरानं पेट घेऊन जळाली. केशवराव भोसले नाट्यगृहाची ऑगस्ट २०२४ ची आग आठवणाऱ्यांना त्याचं दुःख वेगळं सांगायला नको. आजचं छप्परही गवतीच आहे, फक्त त्यावर पाण्याचे फवारे बसवलेत. मधलं अंगण उघडं असतं आणि तिथे सुमारे ७०० माणसं उभ्यानं नाटक बघतात. हे तिकीट सगळ्यांत स्वस्त, साधारण पाच-दहा पौंडांपासून.

अंगणात प्रयोग चालू असताना खाली बसू देत नाहीत. पाऊस आला तरी प्रयोग थांबत नाही आणि छत्री उघडायला बंदी. त्यामुळे टोपीचा रेनकोट आणि सपाट तळाचे बूट हवेत. नाटक मध्यंतर धरून अडीच-तीन तासांचं. दारं उघडायच्या आधी रांगेत लागलात तर रंगमंचाच्या कडेला जागा मिळते. मंच साधारण पाच फूट उंच आहे, त्याच्या कडेवर कोपर टेकवता येतो आणि नट हातभर अंतरावर येतो. ती जागा गेली तर मागच्या भिंतीला टेका. मधोमध उभं राहणाऱ्याचे मात्र हाल होतात. टेकायला काही नाही आणि समोर उंच गोऱ्यांची डोकी.

बाकड्यांना पाठ नसते. उशी आणि पाठीचा टेका भाड्यानं मिळतो, तो घ्याच. शेवटच्या रांगेत निदान भिंत तरी असते. मंचावर दोन जाडजूड खांब आहेत. कडेला बसलं की त्यातला एखादा नेमका बोलणाऱ्या नटावर येतो. उभा माणूस दोन पावलं सरकतो, बसलेल्याला ती सोय नाही. बसायचंच असेल तर मधल्या मजल्यावर मंचाच्या बरोबर समोर बसा. आवाज बहुधा माईकशिवाय येतो, आणि वरून हेलिकॉप्टर गेलं की दोन ओळी हमखास बुडतात.

स्ट्रॅटफर्डचं नाट्यगृह बंदिस्त आहे. खुर्च्या नीट आहेत. २०१० च्या नूतनीकरणात मंच प्रेक्षकांत पुढे आणला, आता तीन बाजूंनी लोक बसतात. खासबागेत कुस्ती पाहिलेल्याला हे लगेच कळेल. कुठेही बसा, पाठ दिसणारा क्षण येतोच, पण नट फिरत राहतात. हजारभर खुर्च्या असूनही सगळ्यांत लांबची खुर्ची मंचापासून १५ मीटरवर आहे. पूर्वी हे अंतर २७ मीटर होतं. म्हणून इथे वरच्या मजल्याचं स्वस्त तिकीटही वाया जात नाही. चढ उभा आहे तेवढा, गुडघे दुखत असतील तर खालचं घ्या.

अडचण प्रवासाची. लंडनच्या मेरिलबोन स्टेशनवरून दोन तासांहून थोडं जास्त लागतं, बऱ्याचदा मध्ये गाडी बदलावी लागते. रात्रीचा प्रयोग सुटल्यावर लंडनची गाडी मिळेल या भरवशावर राहू नका. एक तर दुपारचा प्रयोग, नाही तर मुक्काम.

भाषेचं भय दोन्हीकडे सारखंच. काही ठरावीक प्रयोगांना मंचाजवळच्या पडद्यावर संवाद लिहून दाखवतात. 'कॅप्शन्ड' असं लिहिलेली तारीख शोधा आणि पडदा कुठून दिसतो हे विचारूनच खुर्ची निवडा. नाटकही असं घ्या जे मराठीत आधी वाचता येईल. 'मॅकबेथ' असेल तर शिरवाडकरांचा 'राजमुकुट', 'किंग लिअर'ला विंदांचा 'राजा लिअर', 'टेम्पेस्ट'ला पाडगावकरांचं 'वादळ'. करवीर नगर वाचन मंदिरात विचारून बघा. पहिल्यांदाच जाणाऱ्यानं 'हॅम्लेट'पेक्षा 'मॅकबेथ' घ्यावं. शोकांतिकांत ते सगळ्यांत छोटं, आणि 'हॅम्लेट' सगळ्यांत लांब.

आता बुकिंग. सभासदांना आधी, बाकीच्यांना नंतर. तिकडे सकाळी १० ला विक्री सुरू होणार असेल तर आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारचे २.३० आणि हिवाळ्यात ३.३० वाजलेले असतात. घड्याळं मार्चच्या शेवटच्या रविवारी बदलतात, तिथे लोक फसतात. व्हिसा हातात येण्याआधी तिकीट काढू नका. साधारणपणे पैसे परत मिळत नाहीत, फार तर तारीख बदलून मिळते. ग्लोबची उभ्याची तिकिटं बऱ्याचदा उशिरापर्यंत असतात, त्यामुळे तिथे घाई नको. व्यवहार अडकतो तो बहुधा कार्डामुळे. आपल्या कार्डावर परदेशी व्यवहार बंद असतात, ते बँकेच्या ॲपमधून आधी चालू करावे लागतात. ओटीपी येईपर्यंत निवडलेल्या खुर्च्यांची वेळ संपते आणि त्या सुटतात. त्यापेक्षा लेकीच्या तिकडच्या कार्डावरच काढा, हिशेब घरात मिटेल.