रोख जामीन की जामीनदार?
जळगाव-धुळ्याच्या कोर्टात पंधरा हजारांचा जामीन मंजूर झाला, पण माणूस कोठडीतच. आता पैसे भरायचे की जामीनदार द्यायचा?

रोख लवकर उरकते: कोर्टाची परवानगी, नाझरकडे (कोर्टाचे पैसे सांभाळणारा कर्मचारी) भरणा, पावती. मात्र रक्कम खटला संपेपर्यंत अडकते. पावती जिवापाड जपा. जामीन 'तात्पुरता रोख' असेल तर मुदतीत जामीनदार द्यावाच लागतो.

जामीनदाराचे पैसे अडकत नाहीत, कागद अडतात. समजा जामीनदार रावेरचे मामा; त्यांचा सातबारा आणताना 'इतर हक्क' रकाना आधी वाचा. सोसायटीचा मोठा बोजा दिसला तर ऐपतीवर हरकत येते. आरोपी तारखेला फिरकला नाही, तर वसुली मामांकडून.

माणूस आजच सुटायला हवा, तर रोख. हात रिकामा पण नातलग खात्रीचा, तर जामीनदार. दोन्ही नाही आणि गुन्हा जामीनपात्र? अटकेपासून आठवडाभरात जामीनदार न मिळाल्यास भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 478 प्रमाणे जातमुचलक्यावर (जामीनदाराशिवाय, स्वतःच्या लेखी हमीवर) सुटका मागा. कोठडीतल्या माणसाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण वकील फुकट देते.