ब्रेकिंग बॅड, सोप्रानोज की द वायर: तिघींतली आधी कुठली बघायची?

सिरीजवाल्या लोकांत बसलं की या तीन अमेरिकन टीव्ही सिरीजची नावं येतातच, आणि नवीन माणसाने विचारलं की सगळे एकच सांगतात, तिन्ही बघ, तिन्ही भारी आहेत. आता हे ऐकून त्याने करायचं काय? ब्रेकिंग बॅडचे ६२ एपिसोड, सोप्रानोजचे ८६ आणि वायरचे ६०, म्हणजे झाले २०८, रोज एक बघितला तरी जवळपास सात महिने. आणि चुकीच्या वेळी चुकीची हातात घेतली की चौथ्या एपिसोडला सुटते आणि एकदा सुटली की परत कोणी हात लावत नाही, माझ्या ओळखीत वायर अर्धवट सोडलेले लोक जास्त आहेत आणि पूर्ण बघितलेले कमी, आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतं. म्हणून कुठली सगळ्यात श्रेष्ठ हा वाद सोडून देऊन, कोणी कुठली आधी घ्यावी एवढंच लिहितेय. मोठे स्पॉयलर देणार नाही, सुरुवातीच्या भागांतलं थोडंफार येईल.

वरवर बघितलं तर तिन्हींत गुन्हेगारी, पैसा, घरात खोटं बोलणारे पुरुष. पण तिन्ही परत परत बघितल्यावर मला असं वाटायला लागलंय की तिघी एकाच प्रश्नावर भांडताहेत, माणूस बदलतो का? ब्रेकिंग बॅड म्हणते बदलतो, आणि किती बदलतो ते बघून तुम्ही हादराल. सोप्रानोज म्हणते संधी ताटात वाढून दिली तरी बदलत नाही. आणि वायर म्हणते अहो बदलला तरी काय, तो ज्या जागेवर उभा आहे ती जागा तशीच राहते, उद्या तिथे दुसरा उभा राहील. यातलं कुठलं उत्तर आत्ता तुम्हाला झेपेल त्यावर निवड करा असं माझं म्हणणं.

ब्रेकिंग बॅड सगळ्यात सोपी, म्हणजे आत शिरायला सोपी. २००८ ते २०१३, पाच सीझन. वॉल्टर व्हाइट हा न्यू मेक्सिकोतल्या अल्बकर्की शहरातला केमिस्ट्रीचा मास्तर, पन्नाशीचा, बायको गरोदर, मोठ्या मुलाला सेरेब्रल पाल्सी, पगार पुरत नाही म्हणून शाळा सुटल्यावर गाड्या धुवायच्या ठिकाणी काम करतो, आणि त्याला फुफ्फुसाचा कॅन्सर निघतो. मग आपल्या एका जुन्या नापास विद्यार्थ्याला हाताशी धरून तो ड्रग्ज बनवायला लागतो. पहिल्याच एपिसोडमध्ये हा माणूस वर्गात पोरांना सांगतो की केमिस्ट्री म्हणजे त्याच्या मते बदलाचा अभ्यास, समोर पोरांचं लक्ष नाही, आपलंही तेव्हा फारसं नसतं, आणि पुढे पाच सीझन तेवढंच होत राहतं. क्रिएटर विन्स गिलिगनने सुरुवातीपासून ठरवलेलं की नायकाला हळूहळू खलनायक करायचं, त्यामुळे यात गोष्ट कुठेतरी चाललीये हे प्रत्येक एपिसोडला जाणवतं. एक चूक, ती झाकायला दुसरी, दुसरीतून तिसरी.

पहिला सीझन फक्त ७ एपिसोडचा आहे कारण तेव्हा हॉलिवूडच्या लेखकांचा संप झाला होता, आणि हे नवीन माणसाच्या पथ्यावरच पडतं, एका शनिवार रविवारात कळतं आपल्याला जमतंय की नाही. त्या जुन्या विद्यार्थ्याला, जेसी पिंकमनला, म्हणे पहिल्याच सीझनमध्ये मारून टाकायचा बेत होता, पण ती भूमिका करणाऱ्या आरन पॉलचं काम बघून तो बदलला आणि बरंच झालं, कारण माझ्या मते अर्धी सिरीज त्या पोराच्या डोळ्यांवर उभी आहे. ब्रायन क्रॅन्स्टनला वॉल्टरच्या भूमिकेसाठी चार एमी, म्हणजे अमेरिकन टीव्हीचे मोठे पुरस्कार, मिळाले, आरन पॉलला तीन.

पण एक सांगते. पहिल्यांदा बघताना मला वॉल्टची बायको स्कायलर डोकेदुखी वाटायची, म्हणजे बघणाऱ्या कितीतरी जणांना वाटायची, इतकी की ती भूमिका करणाऱ्या अ‍ॅना गनने २०१३ मध्ये त्या द्वेषाबद्दल न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहिला. दुसऱ्यांदा बघितली तेव्हा लक्षात आलं की सगळ्या घरात शहाणी हीच एक, नवरा तोंडावर खोटं बोलतोय हे तिला कळतंय आणि आपण मात्र नवऱ्याच्या बाजूने बसून ती कधी गप्प बसेल याची वाट बघतोय. आपल्याला त्या माणसाच्या बाजूला कसं ओढून घेतलं हे दुसऱ्या वेळी कळतं. दोष म्हणाल तर योगायोग जरा जास्त आहेत, दुसऱ्या सीझनच्या शेवटचा तर मला अजून पटलेला नाही. आणि तिसऱ्या सीझनमध्ये एक आख्खा एपिसोड लॅबमध्ये शिरलेल्या एका माशीवर आहे, काहींना तो अजिबात आवडत नाही, मला फार आवडतो, तिथे थांबू नका.

सोप्रानोज याच्या आधीची, १९९९ ते २००७, सहा सीझन, एचबीओ चॅनलवरची. ही नसती तर बाकीच्या दोन अशा झाल्याच नसत्या असं बरेच जण म्हणतात आणि मलाही ते पटतं. न्यू जर्सीतला माफियावाला टोनी सोप्रानो, त्याच्या स्विमिंग पूलमध्ये बदकांचं एक कुटुंब येऊन राहतं, पिल्लं मोठी होऊन उडून जातात आणि हा धिप्पाड माणूस चक्कर येऊन पडतो. पॅनिक अटॅक. मग तो मानसोपचार घ्यायला डॉ. मेल्फीकडे जायला लागतो. सिरीजचा कणा हाच, एक खुनी माणूस दर आठवड्याला खुर्चीत बसून आपल्या आईबद्दल बोलतो, आणि आपल्याला सारखं वाटत राहतं की आता याला काहीतरी उमजेल.

इथे गोष्ट पुढे सरकत नाही अशी तक्रार नवीन लोक करतात आणि ती खोटी नाही. काही धागे सुटतात ते सुटतातच, स्वप्नं दाखवतात, पाचव्या सीझनमध्ये तर वीसेक मिनिटांचं एकच स्वप्न आहे. तुम्हाला पुढे काय झालं यासाठी बघायची सवय असेल तर त्रास होईल. यातली मजा माणसांच्या बोलण्यात आहे, जेवणाच्या टेबलावरच्या भांडणात, टोमण्यात, आणि हो, तिघींत सगळ्यात जास्त हसू हिच्यातच येतं, तिसऱ्या सीझनमध्ये दोन गुंड बर्फात रस्ता चुकतात तो एपिसोड बघा, मी पोट धरून हसले होते.

पहिल्या सीझनचा पाचवा एपिसोड ही हिची खरी परीक्षा. टोनी मुलीला कॉलेजं दाखवायला घेऊन गेलाय, बापलेकीच्या मनमोकळ्या गप्पा चालल्यात, आणि त्याच गावात त्याला एक जुना फितूर दिसतो. पुढे जे होतं त्यावरून चॅनलच्या लोकांना धास्ती होती की प्रेक्षक या माणसाला कायमचा टाकतील. टाकला नाही. तो एपिसोड बघून तुम्हाला पुढचा बघावासा वाटला तर ८६ च्या ८६ बघाल, नाही वाटला तर तिथेच बंद करा, वेळ घालवू नका.

आणि टोनीच्या बायकोसाठी, कार्मेलासाठी, तर मी कुणालाही ही सिरीज बघायला लावीन. ईडी फाल्कोने काय काम केलंय! तिसऱ्या सीझनमध्ये कार्मेला एका दुसऱ्या म्हाताऱ्या मानसोपचारतज्ज्ञाकडे जाते, तिला वाटतं हा काहीतरी धीराचं बोलेल, तर तो सरळ सांगतो मुलांना घे आणि त्या घरातून नीघ, आणि वर फीसुद्धा घेत नाही, रक्ताचे पैसे नकोत म्हणतो. तिला सगळं स्वच्छ सांगणारा माणूस भेटला. आता ती काय करेल? स्कायलर आणि कार्मेला शेजारी शेजारी ठेवून बघा, दोघींना नवऱ्याच्या पैशाचा वास येतो, पण स्कायलरला तो नव्याने यायला लागलाय आणि कार्मेलाचं अख्खं घरच त्यावर उभं आहे. मला विचाराल तर ब्रेकिंग बॅडमध्ये इतक्या खोल गेलेली एकही बाई नाही. सहाव्या सीझनच्या पहिल्या अर्ध्यात मात्र एका पात्राची गाव सोडून गेल्याची गोष्ट ताणलीये, तेवढं सहन करा.

आता वायर. २००२ ते २००८, पाच सीझन, बाल्टिमोर शहर. हिला अख्ख्या काळात एकही एमी मिळाला नाही, लेखनाची दोन नामांकनं आणि बस्स. लिहिणारा डेव्हिड सायमन हा तिथल्या वर्तमानपत्राचा जुना गुन्हे वार्ताहर, आणि त्याच्या जोडीचा एड बर्न्स आधी बाल्टिमोर पोलिसात आणि नंतर सरकारी शाळेत शिक्षक, त्यामुळे यातली ऑफिसं, फायली, साहेबांची भीती, आकडे चांगले दाखवायची धडपड, हे सगळं आतल्या माणसाने सांगितल्यासारखं येतं. पहिला सीझन ड्रग्जचा धंदा आणि फोन टॅप करणारे पोलीस, दुसरा बंदर आणि गोदी कामगार, तिसरा राजकारण, चौथा शाळा, पाचवा वर्तमानपत्र. शहर तेच, बघायची खिडकी दर सीझनला वेगळी.

अवघड का जाते? कारण ती काहीच समजावून सांगत नाही. पहिल्या दोन एपिसोडमध्ये वीस पंचवीस माणसं येऊन जातात, नावं कळत नाहीत, रस्त्यावरची पोरं बोलतात ती भाषा इंग्रजी जाणणाऱ्यालाही पटकन समजत नाही, सबटायटल लावाच, त्यात कमीपणा नाही. आणि मोबाईल हातात असेल तर ही सिरीज बघूच नका, प्रामाणिकपणे सांगतेय, ब्रेकिंग बॅड चित्रांतून एवढं सांगते की दोन मिनिटं लक्ष गेलं तरी सापडते, वायरमध्ये दोन मिनिटांत एक वाक्य गेलं आणि त्या वाक्यावर पुढच्या सीझनमधली घटना उभी असते.

तिसऱ्या एपिसोडपर्यंत मात्र थांबा. तिथे डिअँजेलो नावाचा पोरगा, केशरी सोफ्याभोवती ज्यांचा धंदा चालतो त्या टोळीतला, दोन लहान पोरांना बुद्धिबळ शिकवतो. राजा कोण, वजीर कोण, प्यादी का लवकर मरतात हे त्यांच्या धंद्याच्या भाषेत सांगतो, आणि एक पोरगं विचारतं की प्यादं शेवटपर्यंत गेलं तर? तो प्रश्न ऐकताना आपल्याला खेळाबद्दल चाललंय असं वाटत नाही आणि त्यांनाही वाटत नसावं. मला वायर तिथे कळली. त्यानंतरच्याच एपिसोडमध्ये दोन डिटेक्टिव्ह खुनाच्या जागेची पाहणी करतात आणि काही मिनिटं एकच शिवी वेगवेगळ्या सुरांत म्हणण्यापलीकडे बोलतच नाहीत, तरी गोळी कुठून आली, कशी आली सगळं समजतं. एवढे दोन प्रसंग बघूनही काही वाटलं नाही तर ठीक आहे, सोडा.

दुसऱ्या सीझनला लोक वैतागतात, आवडती पोरं बाजूला पडतात आणि अचानक कंटेनर, युनियन, गोदीतले मध्यमवयीन कामगार. मलाही राग आला होता. पण हाच सीझन दुसऱ्या फेरीत मला सगळ्यात जवळचा वाटला, काम संपत चाललेल्या माणसांची लाज फार नीट दाखवलीये. आणि चौथा सीझन, शाळेतली चार पोरं. त्याबद्दल मी काही लिहिणार नाही. टीव्हीवर मी बघितलेल्या सगळ्यात ते मी वर ठेवते, आणि तो संपल्यावर दोन दिवस मला दुसरं काही लावता आलं नाही. दोष आहेत, बायकांना जागा कमी, डिटेक्टिव्ह कीमा सोडली तर लक्षात राहणाऱ्या मोजक्याच, आणि पाचव्या सीझनमध्ये मॅकनल्टी हा डिटेक्टिव्ह जे काही करतो ते पटवून घ्यायला मला जड गेलं.

मग ठरवायचं कसं. मोठ्या सिरीजची सवयच नसेल, किंवा घरात दोघं तिघं मिळून बघणार असाल आणि सगळ्यांना धरून ठेवायचं असेल, तर ब्रेकिंग बॅड, यात फार विचार करू नका. ती आवडली की लगेच वायरवर उडी मारू नका, त्या वेगाची सवय लागलेली असते आणि वायर मग सपक वाटते, मधे एखादा महिना जाऊ द्या किंवा ब्रेकिंग बॅडच्याच दुनियेतली बेटर कॉल सॉल घ्या, ६३ एपिसोड, ५३ एमी नामांकनं आणि एकही पुरस्कार नाही हा मोठा अन्याय आहे, ती हळू चालते त्यामुळे पुढच्या दोघींसाठी डोळे तयार होतात. कादंबऱ्या वाचायची सवय असेल, पात्रं जास्त असली तरी चालत असतील, व्यवस्थेत काम करून करून वैतागला असाल, तर थेट वायर, रोज एक, जास्तीत जास्त दोन, सलग सहा बघायची ही सिरीजच नाही. आणि आईबाप, लग्न, वय, आपण आपल्या आईसारखेच होत चाललोय का असले प्रश्न सध्या डोक्यात असतील तर सोप्रानोज. तिशीच्या आत बघितली तर गुंडांची वाटते, नंतर बघितली तर घराची वाटते, म्हणून मी तरुण मुलांना ती मुद्दाम शेवटी ठेवायला सांगते. लहान मुलं आसपास असताना तिन्ही नकोत, शिव्या, मारहाण, नग्नता, विशेषतः सोप्रानोज.

मनःस्थिती खचलेली असेल तर वायरचा चौथा सीझन थोडा पुढे ढकला, खरंच.

आणि सोप्रानोज घेतलीत तर शेवटाबद्दल कुठेही काही वाचू नका, २००७ पासून त्यावर भांडणं चालू आहेत आणि कुणीतरी अर्धवट सांगून टाकतंच. शेवटच्या एपिसोडमध्ये टोनी हॉटेलात येऊन बसतो आणि टेबलावरच्या यंत्रात गाणं निवडतो, तिथून पुढे पाचेक मिनिटं उठायचं नाही, पाणीबिणी आधीच घेऊन बसा, आणि स्क्रीन काळी झाली की टीव्ही बिघडला म्हणून रिमोट शोधू नका.