पाळीच्या दुखण्यासाठी चार्जिंगचा शेकाचा पट्टा: मुलीसाठी घेतला, कामाचा आहे, पण बॉक्सवरच्या शब्दांवर जाऊ नका

पट्टा चांगला आहे, आम्ही परत केला नाही, दर महिन्याला वापरतो. पण बॉक्सवर मोठ्या अक्षरात छापलंय ना, 'औषधाशिवाय पाळीच्या वेदनांपासून सुटका', ते मला अजिबात पटलेलं नाही आणि एवढं लांब लिहायला बसले त्याचं कारण तेच आहे. ज्यांना नुसते स्टार बघायचेत त्यांनी पाचपैकी चार धरा. घरात दर महिन्याला पोट धरून कळवळणारी मुलगी असेल तर मात्र पूर्ण वाचा.

मुलगी १५ वर्षांची आहे. पाळी आली तेव्हा सुरुवातीला काहीच त्रास नव्हता, नंतर हळूहळू वाढत गेला. म्हणजे थोडंसं दुखतंय असं नाही, ओटीपोटातून कळा निघतात त्या कंबरेत आणि मांड्यांपर्यंत जातात, उलट्या होतात, जुलाब होतात, चेहरा पांढराफटक, शाळा बुडते ती वेगळीच. सुरुवातीला नव्हतं मग आता कुठून आलं हा प्रश्न मला फार छळत होता. डॉक्टरांनी सांगितलं की हे असंच होतं, पहिल्या काही महिन्यांत बऱ्याचदा बीज न सुटताच पाळी येते, ते चक्र नियमित बसलं की मग दुखणं सुरू होतं. त्यामुळे 'आधी तर दुखत नव्हतं, आता नाटकं करतेस' असं कोणी मुलीला म्हणत असेल तर कृपा करून त्यांना हे सांगा.

आता पट्ट्याबद्दल. कंबरेला बांधायचा, पुढे एक चपटा भाग असतो तो ओटीपोटावर येतो, मागे वेल्क्रो. तीन पातळ्यांची उष्णता आणि वेगळं बटण व्हायब्रेशनचं. चालू केल्यावर लगेच गरम होतो, रबरी पिशवीसारखं पाणी तापवा, भरा, झाकण घट्ट लागलंय का बघा, थंड झालं की परत उठा असं काही नाही. दुखत असताना उठून स्वयंपाकघरापर्यंत जाणं हीच मोठी शिक्षा असते त्यामुळे हा मुद्दा माझ्यासाठी सगळ्यात मोठा. दुसरं म्हणजे कपड्यांच्या आत बांधला तर फारसा कळत नाही, ती हा बांधून शाळेत बसते, परीक्षेलाही बसली आहे, पिशवी पोटाशी धरून कोणी पेपर लिहू शकत नाही.

तक्रारी पण आहेत. पट्टा मोठ्यांच्या मापाचा आहे, बारीक मुलीला शेवटपर्यंत ओढून बांधला तरी खाली सरकतो, आम्ही घरीच एक जादा वेल्क्रो शिवून घेतला. सगळ्यात वरच्या पातळीवर ठेवला तर बॅटरी फटकन उतरते, पूर्ण शाळेचा वेळ निघत नाही. व्हायब्रेशन तिला आवडलं नाही, दुखत्या पोटावर थरथर नको वाटते म्हणते, आणि शांत वर्गात त्याचा घुंऽऽ आवाज येतो. आपोआप बंद होण्याची सोय आहे ती मात्र घेताना नक्की बघा, नसेल तर घेऊच नका, कारण मुली दमून झोपून जातात.

आणि वरची पातळी लागतच नाही हे मी नंतर वाचलं. २००१ साली एक अभ्यास छापून आला होता, त्यात पोटावर लावायचा शेकाचा पॅच फक्त ३८.९ अंश सेल्सिअसचा होता, म्हणजे अंगात ताप असतो जवळपास तेवढाच, पण तो रोज साधारण १२ तास लावून ठेवला होता. दुसऱ्या बायकांना ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन दिवसातून तीनदा. दोन्हींचा आराम जवळपास सारखा आला, आणि ज्यांना पॅच आणि गोळी दोन्ही दिलं त्यांना नुसत्या गोळीवाल्यांपेक्षा लवकर बरं वाटायला लागलं. म्हणजे शेक ही नुसती मनाची समजूत नाहीये, खरंच काम करतो, फक्त मंद आणि जास्त वेळ हवा. आमच्याकडे आता खालच्याच पातळीवर असतो, बॅटरीही टिकते. मुली काय करतात, दुखलं की अजून गरम अजून गरम करत जातात आणि पोटावर चट्टे उठतात. रोजच्या जोरदार शेकाने कातडीवर जाळीसारखे तपकिरी लाल डाग पडतात, ते लवकर जात नाहीत. बनियनवरून बांधायचा, थेट कातडीवर नाही, आणि वर पालथं झोपायचं नाही.

आता तो 'औषधाशिवाय'चा विषय. मला राग याचा येतो की गोळी म्हणजे काहीतरी वाईट, कमकुवतपणाची गोष्ट आणि शेक म्हणजे चांगल्या मुलीचं लक्षण असं एक वातावरण आधीच आहे, त्यात हे कंपनीवाले तेल ओततात. दुखतं का ते एकदा समजलं की हा सगळा गोंधळ संपतो. पाळीच्या वेळी गर्भाशयाच्या आतल्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं सुटतात, त्यांच्यामुळे गर्भाशय आवळतं, रक्तपुरवठा तात्पुरता कमी पडतो आणि कळ येते. ज्यांच्यात ती जास्त तयार होतात त्यांना जास्त दुखतं, आणि तीच आतड्यांवर पण परिणाम करतात म्हणून उलट्या जुलाब. मेफेनॅमिक अॅसिड, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन या गोळ्या ही द्रव्यं तयार होणंच कमी करतात. दुखणं बधिर करून झाकून ठेवतात असं नाही, जिथून सुरू होतं तिथेच अडवतात. अॅस्पिरिनसारखी औषधं हे असं काम करतात हे १९७१ मध्ये दाखवलं गेलं, प्रोस्टाग्लँडिनच्या संशोधनाला १९८२ मध्ये नोबेल मिळालं. माझ्या जन्माच्या आधीची गोष्ट आहे ही. आणि तरी मी माझ्या शाळेच्या वयात दर महिन्याला गुडघे पोटाशी घेऊन पडून राहायचे आणि कोणी म्हणजे कोणीच गोळी कधी घ्यायची ते सांगितलं नाही. सहन कर, सगळ्यांनाच होतं, एवढंच. माझ्या मुलीच्या वाट्याला ते मी येऊ देणार नाही.

गोळी कधी घ्यायची हे तर सगळ्यात महत्त्वाचं आणि हेच बहुतेक घरांत उलटं चालतं. अगदी सहन होईना झालं की मग शेवटचा उपाय म्हणून एक गोळी, तीही उपाशीपोटी, मग उलटीत ती पण बाहेर, आणि मग 'हिला गोळीने पण काही होत नाही'. आमच्या डॉक्टरांनी सांगितलं ते असं की पाळी येणार असं वाटायला लागलं की किंवा पहिली कळ आली की लगेच, काहीतरी खाऊन, आणि मग पहिले दोन दिवस ठरलेल्या अंतराने, दुखायची वाट न बघता. कारण एकदा द्रव्यं तयार होऊन बसली की गोळी ती मागे नेऊ शकत नाही, नवीन तयार होणं थांबवते. हे वेळेचं गणित बदललं आणि आमच्याकडे खरा फरक पडला, पट्ट्याने नाही. पट्टा गोळीचा परिणाम सुरू होईपर्यंतचा वेळ निभावून नेतो आणि उरलेली बारीक दुखी सांभाळतो, त्या कामात तो उत्तम आहे.

मात्र कोणती गोळी, किती, हे माझं वाचून ठरवू नका, डॉक्टरांना विचारा. पोटात अल्सर, किडनीचा त्रास, दमा असेल किंवा अशा गोळ्यांची अॅलर्जी असेल तर या चालत नाहीत. अॅस्पिरिन तर मुलांना आपल्या मनाने देऊच नका.

डॉक्टरांकडे जायला मुलगी तयार नव्हती, तिला वाटायचं आतून तपासतील. या भीतीने किती मुली अंगावर काढत असतील. तर सांगते, किशोरवयीन मुलीला साध्या पाळीच्या दुखण्यासाठी उपचार सुरू करायला आतून तपासणी लागत नाही. नुसते प्रश्न विचारतात, कधी सुरू झालं, किती दिवस, कुठे, किती पॅड लागतात, शाळा बुडते का. सोनोग्राफी लागलीच तर पोटावरून होते. डॉक्टर मुलीशी थेट बोलल्या, माझ्याकडे बघून नाही, आणि तिला थोडा वेळ एकटीला पण बोलू दिलं, मी बाहेर बसले. हे मला फार आवडलं. त्याआधी जिथे गेलो होतो तिथे नाव विचारायच्या आधीच 'वय वाढलं की जाईल' म्हणून वाटेला लावलं होतं.

आणि इथेच माझी पट्ट्याबद्दलची खरी काळजी आहे. थोडा आराम मिळायला लागला की घरचे म्हणतात चला भागलं, आणि मुलगी पुन्हा दर महिन्याला गुपचूप सोसते, फक्त आता पट्टा बांधून सोसते. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये सांगितलंय की गोळ्या किंवा हॉर्मोनचे उपचार नीट घेऊनही तीन ते सहा महिन्यांत फरक पडला नाही तर दुसरं कारण शोधायला हवं, आणि या वयात असं दुसरं कारण सापडतं त्यात एंडोमेट्रिऑसिस सगळ्यात जास्त. म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढतात. ज्या मुलींना उपचारांनीही बरं वाटत नाही त्यांची दुर्बिणीतून तपासणी केली तर निदान दोन तृतीयांश जणींमध्ये हे निघतं असं त्यांनीच लिहिलंय. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे हे नाहीच असं होत नाही, हे पण लक्षात ठेवा, कारण रिपोर्ट हातात आला की 'बघ काही नाहीये, मनाचं आहे' म्हणायला सगळे मोकळे होतात.

दर महिन्याला दुखणं वाढतच चाललंय, पाळी नसताना पण ओटीपोट दुखतं, शी किंवा लघवी करताना पाळीच्या दिवसांत कळ जाते, तासातासाला पॅड भिजतोय, ताप आहे, चक्कर येऊन पडली, असं काही असेल तर पट्टा वगैरे बाजूला ठेवा आणि आधी दाखवा.

दुसरं काय काय वापरलं ते थोडक्यात. रबरी पिशवी अजून घरात आहे, रात्री झोपण्याआधी तिचा ऊबदार जडपणा मुलीला पट्ट्यापेक्षा आवडतो, फक्त उकळतं पाणी भरू नका, पूर्ण भरू नका, आणि रबर जुनं होऊन चिरा दिसल्या की फेकून द्या. चिकटवायचे शेकाचे पॅच प्रवासात चांगले पण एकदा वापरून फेकायचे, दर महिन्याला एवढा कचरा मला नको वाटतो. टेन्स मशीन मैत्रिणीकडून आणून बघितलं, कातडीवर दोन पॅड चिकटवतात आणि बारीक विजेच्या मुंग्या येतात, त्या मुंग्यांच्या संवेदनेने मज्जारज्जूत दुखण्याचा निरोप दबतो असा त्यामागचा विचार आहे, १९६५ मध्ये मांडला गेलेला. वेगवान झटक्यांचं सेटिंग पाळीच्या दुखण्यावर उपयोगी पडतं असं अभ्यासांमध्ये दिसलंय. माझ्या मुलीला मुंग्या सहन झाल्या नाहीत, मैत्रिणीच्या मुलीला मात्र त्याशिवाय चालत नाही, तर शक्य असेल तर आधी कोणाचं तरी वापरून बघा. पेसमेकर असलेल्यांनी हात लावू नका.

व्यायामाचं पण खरं आहे, पण कळा येत असताना मुलीला 'ऊठ जरा चाल म्हणजे बरं वाटेल' असं म्हणू नका. इतर दिवसांत आठवड्यातून तीनेक वेळा पाऊण तास ते तासभर अंग हलवलं तर पुढच्या पाळ्यांना फरक पडू शकतो, आमची पोहायला जाते, तेवढं तिला आवडीने जमतं.

शाळेत आम्ही वर्गशिक्षिकांना आधीच सांगून ठेवलंय आणि डॉक्टरांची चिठ्ठी दिलीय, म्हणजे गोळी घ्यायला किंवा बाथरूमला जायला तिला सगळ्यांसमोर कारण सांगावं लागत नाही. दप्तरात गोळी, बिस्किटं, पाणी आणि पट्टा. पट्टा कापडी पिशवीत उलटा घालून ठेवा, पुस्तकांच्या दाबाने बटण दाबलं जाऊन आपोआप चालू होतो, आमचा झाला होता आणि गरजेच्या वेळी बॅटरी संपलेली.